अकरा दिवसांचं प्रेत आणि सकाळचा मेंदू

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर हसण्यावारी नेल्या. पेशानं डॉक्टर, तोही सरकारी पोस्टमॉर्टेम करणारा... असल्या माणसाचा कशावर विश्वास बसणार? म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

साल चोपन्न असावं, नाहीतर पंचावन्न. पौषातली थंडी. वर्धा जिल्ह्यात, सेलूच्या बाजूला एका लहान दवाखान्यात माझी पहिलीच नेमणूक. प्रेतं तपासायची खोली मागच्या अंगाला, पत्र्याची. मदतीला सखाराम, माझ्या जन्माआधीपासून हेच काम करत आलेला म्हातारा.

एका दुपारी पोलिसांनी बैलगाडीतून एका बाईचं प्रेत आणलं. नाव सुभद्रा, वय पंचविशीच्या आसपास. हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या कडेला एका कोरड्या विहिरीत त्याच सकाळी सापडलेली. अकरा दिवसांपूर्वी नवऱ्याशी भांडून ती घराबाहेर पडली होती. नवरा दुसऱ्याच दिवशी नागपूरला कामावर गेला, म्हणून संशय त्याच्यावर.

जमादार म्हणाले, "साहेब, मेली कवा तेवढं पक्कं सांगा. अकरा दिवस झाले असतीन तं नवरा गावातच होता."

प्रेत पाहून शंका घ्यायला जागाच नव्हती. पोट फुगून फुटलेलं, कातडी सुटलेली. आईनं ओळखलं तेही हातावरच्या गोंदणावरून. उजवी मांडी मोडलेली. अकरा दिवस तर सहज.

मग सखारामनं कवटी उघडली.

मेंदू फार लवकर बिघडतो. इतकं सडलेलं प्रेत असेल तर त्याचा राखाडी लगदा झालेला असतो, कवटी उघडली की वाहू लागतो. आम्ही खाली भांडं धरलं होतं... त्यात काहीच पडलं नाही. मेंदू घट्ट होता. वळ्या स्पष्ट, शिरा लाल. सुरी फिरवली, तर कापलेल्या जागी रक्ताचे बारीक ठिपके उमटले — काही तासांपूर्वी गेलेल्या माणसाच्या मेंदूवर उमटतात तसे.

सखाराम मेंदूवर वाकला. मग हळूच म्हणाला, "साहेब, बाई अकरा दिवसांची हाय. पन हे आज सकायचं हाय."

मी हात धुऊन बाहेर आलो. सुभद्राची आई कडुनिंबाखाली बसली होती. लेकीला शेवटचं कधी पाहिलं, असं मी विचारलं.

"पाह्यलं नाई जी. आयकलं," ती म्हणाली. "ती गेल्यापासून रोज तांबडं फुटलं का हाक मारे. 'माय वं' अशी. म्या रोज ओ देल्ली. भाईर येऊन पाहो तं कोनी नाई. आज सकायी बी हाक आली... पन अर्धीच."

विहीर आईच्या घरापासून दोन कोसांवर होती.

मी आत गेलो आणि रिपोर्टात लिहिलं — मेंदू, लगदा झालेला. मृत्यू, दहा ते बारा दिवसांपूर्वी. खरं लिहिलं असतं तर वरिष्ठांनी मला वेड्यात काढलं असतं. सखारामनं सगळं परत आत ठेवून टाके घातले. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. त्या एका ओळीवर नवरा कितीतरी महिने कच्च्या कैदेत राहिला. पुढे पुराव्याअभावी सुटला, पण गावात परत आला नाही.

प्रेत ताब्यात घेताना आईनं मला विचारलं, "साहेब, लोकायनं लवकर काढली असती तं वाचली असती का जी?"

"नाही, मावशी. ती पहिल्याच दिवशी गेली."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग म्या ओ कोनाले देल्ली?"

पुढे मी पुस्तकं चाळली, मोठमोठ्या प्रोफेसरांना आडून आडून विचारलं. ओल्या चिखलात मेंदू टिकल्याच्या केसेस आहेत, पण तो आकसलेला, मेणासारखा. ती विहीर तर कोरडी ठणठणीत. ताज्या रक्ताचे ठिपके कुणीच पाहिलेले नाहीत. मी पाहिले. का, कसे... आजही सांगता येत नाही.

त्याच संध्याकाळी तिला जाळलं. मागे उरलं ते कागदावरचं माझं खोटं.