अक्काला मी मैदानात बसवलं

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे शौर्य दिसलंच तर वाचकांनी ते खरं धरू नये. तीस वर्षं धारूर तालुक्यातल्या शाळांत मी भूगोल शिकवला. फळ्यावर ज्वालामुखी काढताना माझा हात कधी कापला नाही. पण या जानेवारीत आमची एसटी घाट उतरून बीडच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरून बसले होते. आम्ही अंदमानला निघालो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. ती गेवराईकडच्या तलवाड्याला असते. थोडी शेती, चार शेळ्या, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तिचा मुलगा दत्ता अंदमानात रस्त्याच्या कामावर मशीन चालवतो. दीड वर्षात तो घरी आला नव्हता, म्हणून तिने धोशा लावला. आदल्या दिवशीच ती माझ्याकडे मुक्कामाला आली, आणि सोबतीला मी.

"तितं जमीन लई हालतीया म्हनं?" तिने गाडीतच विचारलं.

"कधीमधी."

"मग तू हायेस की," म्हणून ती खिडकीकडे वळली.

या तिच्या विश्वासाला एक कारण आहे. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटे मी तिच्याकडे होते. मांडणीवरची भांडी धडाधड खाली आली. मी ओरडले, "बाहेर! मोकळ्यात चला!" आणि तान्ह्या दत्ताला घेऊन आम्ही खळ्यात जाऊन बसलो. घर माळवदाचं होतं (दगडाच्या भिंती आणि वर हातभर मातीचं छप्पर). ते पडलं नाही, पण पुढचे कित्येक दिवस सगळं गाव उघड्यावर झोपलं. तेव्हापासून अक्का कुणालाही सांगते, कमल म्हनली म्हनून वाचलो. खरं तर तेव्हाही मी घाबरूनच ओरडले होते.

चेन्नईहून विमान समुद्रावर आलं आणि दोन तास खाली नुसतं पाणी. अक्का जपमाळ ओढत बसली. मग ढगांतून हिरवी बेटं दिसू लागली, एकापाठोपाठ एक, धनुष्यासारख्या वाकलेल्या रांगेत. पुस्तकात याला द्वीपचाप म्हणतात. पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली घुसतो, वरची कड रेटली जाते आणि समुद्रातून अशी बेटांची ओळ डोकं काढते. ओळीच्या पलीकडे, बेटं आणि आशियाची मुख्य भूमी यांच्यामध्ये, अडकून पडलेला समुद्र असतो. त्याला सीमावर्ती समुद्र म्हणतात. अंदमानचा समुद्र तसा आहे. त्याचा तळ अजून फाकतो आहे आणि त्यात एका निर्जन बेटावर जिवंत ज्वालामुखी आहे. हे सगळं मी वर्गात घडाघडा सांगत असे. खिडकीतून बघताना मात्र एवढंच मनात आलं, की आपण उतरणार आहोत ती त्या वरच्या तुकड्याची कड आहे.

दत्ता विमानतळावर आला होता. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, एक रात्र राहिलो. संध्याकाळी त्याने आम्हाला शहराबाहेर नेलं. दोन्ही बाजूंना पाणी पसरलेलं आणि त्यात वाळक्या माडांचे सोट उभे. २००४च्या भूकंपात इथली जमीन खाली बसली आणि भाताच्या खाचरांत समुद्र शिरला, तो अजून तिथेच आहे. अक्का काठावर उभी राहिली. आयुष्यभर जिने पाण्यासाठी आभाळाकडे बघितलं, तिला बुडालेलं रान बघवेना.

"ह्ये कुनाचं तरी वावर होतं की रं?" ती दत्ताला म्हणाली. "आन पानी गोड बी न्हाई."

तिकडे उत्तरेला उलट झालं होतं, मी सांगितलं. तिथे जमीन वर उचलली गेली आणि पोवळ्यांचे खडक उघडे पडून मेले.

अक्काने जरा विचार केला. "भाकरीखाली उलथनं सारल्यावर व्हतंय तसं. एक कड उचलती, एक बसती." तीस वर्षांत मला हे एका वाक्यात सांगता आलं नव्हतं. मी ते मान्य केलं नाही, पण मनात नोंदवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उत्तरेकडे निघालो. जंगलातून गाड्या ताफ्याने सोडतात, मध्ये खाडी लागते, ती बसला तराफ्यावर घालून ओलांडतात. वाटेत बारातांग बेटावर चिखलाचा ज्वालामुखी पाहिला. नावावरून मी धुराची अपेक्षा केली होती. होता एक राखाडी खड्डा, त्यात मधूनच एक बुडबुडा यायचा, फुटायचा आणि चिखल ओघळायचा. राखणदार म्हणाला, "गरम नहीं है मैडम, ठंडा है." त्याला वाटलं मला धीर येईल. मला उलट घाम फुटला. आग असती तर कळलं असतं. ही जमीन थंड राहून खालून ढवळत होती. अक्का तिथे फार थांबली नाही. "चल बाई, पोटातलं बाहीर आल्यावानी दिसतंय," म्हणाली.

दत्ता राहायचा ते गाव मध्य अंदमानात, रंगतच्या पुढे, पूर्व किनाऱ्यावर. वस्ती बहुतेक बंगाल्यांची. घरं लाकडाची, वर पत्रा. मागे सुपारीच्या बागांचा डोंगर, पुढे एक मैदान, आणि मैदान संपलं की समुद्र. दत्ताच्या खोलीशेजारी मिनोती नावाची बाई राहायची, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी भात आणि शुटकी (वाळवलेली मासळी) पाठवली. त्या वासाने अक्का अंगणात पळाली आणि मी नेलेल्या धपाट्यांवर येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याचं तिखट पीठ) कालवून जेवली. मिनोतीने येसर चाखलं आणि तिला ठसका लागला. फिट्टंफाट झाली.

तीन दिवस बरे गेले. मी मात्र रोज ग्लासातलं पाणी बघायची, हलतंय का.

चौथ्या दिवशी दुपारी ते हललं. दत्ता कामावर होता. आधी पत्रा वाजला, वाटलं माकडं आली. मग पायाखालची फरशी बाजूला सरकली, परत आली, परत सरकली. आवाज खालून येत होता, जड, लांबलेला. मी काय केलं? ओरडले, "बाहेर! मोकळ्यात!" अक्काला धरून, ओढत, दोघी मैदानात. मैदानाच्या मध्यावर, जिथे एकही भिंत अंगावर येणार नाही, अशी जागा हेरून मी चादर टाकली आणि तिला बसवलं. जमीन अजून डुलत होती. मी मनातल्या मनात अंक म्हणत होते आणि साठाच्या पुढे माझा हिशेब चुकला. मग थांबलं.

"इथून हलू नको," मी म्हणाले. "तुझ्या गोळ्या आणि फोन घेऊन येते."

अक्का पाय लांब करून बसली. तोंड घराकडे, पाठ समुद्राकडे. भूकंपात घराकडे लक्ष ठेवायचं, हे आम्हाला किल्लारीने शिकवलेलं.

मी गोळ्या घेऊन गल्लीत आले तर सगळं गाव उलट्या दिशेने चाललेलं. कुणी ओरडत नव्हतं. म्हातारी माणसं, कडेवर पोरं, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि सगळे डोंगराकडे. मिनोतीने मला पाहिलं.

"दीदी किधर है?"

"मैदान में. खुली जगह में."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती रागावली नाही, नुसती बघत राहिली. "मैदान क्यों?" ती म्हणाली. "पानी आएगा तो? ऊपर लाओ, जल्दी."

वाचकहो, हे मला माहीत होतं. किनाऱ्यावर जमीन फार वेळ हलली तर उंचावर जायचं, इशाऱ्याची वाट बघायची नाही. शेकडो पोरांकडून मी हे घोकून घेतलं होतं. आणि वेळ आली तेव्हा मी तलवाड्याच्या खळ्यात पळाले होते. इथली घरं पत्र्याची आणि लाकडाची. पडून पडून काय पडणार होतं? गोळ्या मुठीत होत्या. तशीच धावले.

अक्का होती तिथेच होती. तिच्या पाठीमागे मात्र समुद्र नव्हता. म्हणजे होता, पण लांब. सकाळी जिथे होड्या तरंगत होत्या तिथे त्या कलंडून पडल्या होत्या आणि काळे, ओले खडक चमकत होते. कसलाच आवाज नव्हता.

"ऊठ अक्के. डोंगरावर जायचंय."

"कावून? तूच म्हनलीस हलू नको म्हनून."

"पाणी येईल!"

तिने मान वळवून पाहिलं. दुष्काळात तलाव आटल्यावर जसं बघतात तसं, शांतपणे. "पानी तर गेलंय, बये. आटलंय."

तिला समजावायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि शब्दही नव्हते. मी तिच्या काखेत हात घातले. गुडघे वळेनात. ती "आई गं" म्हणाली, मी तिला शिवी दिली. साठ वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा ती उठली. माझं तोंड बघून उठली असावी. मैदान ओलांडायला आम्हाला किती वेळ लागला माहीत नाही. मागे वळून पाहायची माझी छाती नव्हती. गल्लीच्या तोंडाशी मिनोती उभी होती, आमच्यासाठी थांबलेली. तिने दुसरा हात धरला. सुपारीच्या बागेत शिरलो, मुळांना धरून चढलो. अक्काची एक चप्पल गेली. वरच्या सपाटीवर लोकांनी तिला जागा करून दिली, आणि मग मी खाली पाहिलं.

लाट वगैरे आली नाही. पाणी आलं. भिंतीसारखं उंच नाही, नुसतं येत राहिलं, थांबायचं विसरल्यासारखं. किनारा ओलांडला, मैदानात पसरलं, चादर उचलली. एक होडी आडवी फिरत मैदानाच्या मधून गेली आणि आमच्या खोलीच्या पायरीला टेकली. मग सगळं मागे ओढलं गेलं, आणि ते ओढणं येण्यापेक्षा वाईट होतं. कुंपणाचे खांब त्याने उपटून नेले. उभ्या माणसाच्या मांडीएवढं पाणी असेल. बसलेल्या माणसाच्या गळ्याएवढं. जिला स्वतःहून उठता येत नाही अशा बाईच्या, मी मनात म्हणत होते, आणि ते वाक्य मला पुरं करता येत नव्हतं.

अक्का सगळं बघत होती. 

पाणी तीन-चारदा आलं नि गेलं. दिवस मावळायच्या आत दत्ता डोंगरातून चालत आला, चिखलाने माखलेला. आधी आईला चाचपलं, मग माझ्याकडे वळला.

"तुमी मैदानात गेलता म्हनं? मावशे, तुला तर ठावं असतंय की!"

मी मान खाली घातली. "तिला वराडू नको," अक्का म्हणाली. "पानी पाज मला."

पुढचे चार दिवस आम्ही डोंगरावरच्या शाळेत काढले. गावात कुणी दगावलं नाही, कारण गावातलं कुणी मैदानात गेलंच नव्हतं. निघताना मिनोतीने शुटकीची पुडी दिली आणि अक्काने ती घेतली.

परत आलो तेव्हा तलवाड्यात हरभरा सोंगायला आला होता. अक्काच्या ओसरीवर बायामाणसं जमली. आपल्याखाली जुना थिजलेला लाव्हा आहे, घट्ट, थरावर थर. मी पाय टेकवून खात्री करून घेत होते. अक्का सांगत होती. जमीन कशी डुलली, समुद्र कसा आटला, पानी कसं आलं. "आन ह्या कमलनं मला तितून ओढून काढलं. न्हाईतर मी कुटली दिसते तुमाला!" सगळ्या माझ्याकडे कौतुकाने बघू लागल्या. मला तिथे बसवेना.

त्या गेल्यावर मी म्हणाले, "अक्के, तुला तिथं बसवलं होतं मीच."

"ठावं हाय की," ती म्हणाली. हरभऱ्याचे घाटे सोलायचे तिने थांबवले नाहीत.

"मग ते का नाही सांगितलंस?"

"सांगून? आन उद्या हितं हाललं तर मंग? हितं मोकळ्यातच जायचं न्हवं?"

"हो. इथं मोकळ्यातच."

"मंग तू वराडलीस तर लोकांनी ऐकाय नको?"

तिने ओंजळभर दाणे माझ्या हातावर ठेवले. मला ते खाता येईनात. गाव ऐकेल, हे मला ठाऊक होतं. मी बोट दाखवीन तिकडे लेकराबाळांसह धावेल, आणि 'कावून?' म्हणून एकजणही विचारणार नाही.