मोठ्यानं की!

गाडी चालू झाली की मामा लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवायचे, त्याची मूठ दातांत धरायचे आणि डोळे मिटायचे. बाकीचे मिस्त्री मूठ कानाला लावतात. तुम्हीही कुठल्यातरी गॅरेजात पाहिलं असेल. मामांची मात्र दातांत. अर्धा मिनिट तसे उभे राहून ते मूठ बाहेर काढायचे, शर्टाला पुसायचे आणि निकाल द्यायचे, “तीन नंबर खोकतोय.” तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये खरंच काहीतरी निघायचं.

मी हे रोज पाहत होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. मी पुष्कळ गोष्टी पाहते आणि गप्प बसते. आमच्या घरात सगळेच हळू बोलतात. शाळेत टीचर माझ्या रिपोर्ट कार्डावर ‘सॉफ्ट स्पोकन’ असं लिहायच्या आणि ते कौतुकच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत. उद्यमनगरच्या एका मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. पहिल्या दिवशी मी त्यांना काका म्हटलं, तर म्हणाले, “काका नगं. काका वाटणी मागतोय. मामा म्हण, मामा देतोय.”

गाडी आत्याची होती. आत्या डॉक्टर, कोडोलीत तिचा दवाखाना. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय अधू होता, म्हणून तिने कधीकाळी ही बाबांच्या वयाची परदेशी गाडी शोधून काढली होती. हिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही उजव्या पायाने. सुट्टीत मी तिच्याबरोबर दवाखान्यात जायची, मागच्या सीटवर, औषधांच्या खोक्यांशेजारी. जाता-येता मी काही बोलावं अशी तिची अपेक्षा नसायची. मला त्या गाडीत फार बरं वाटायचं.

आत्या गेली आणि वर्षाच्या आत गाडीचा गिअरबॉक्सही गेला. त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते. पन्हाळा रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याला गाडी दारात ठेवायला हवी होती. इंजिन काढून त्या जागी माती भरणार आणि झेंडू लावणार, असं तो मोठ्या आनंदाने सांगून गेला. बाबा तयार होते. मी नको म्हणाले. इतकं स्पष्ट नको मी घरात क्वचितच म्हटलं असेन, त्यामुळे बाबा थोडे गडबडले. मग म्हणाले, “दसऱ्यापर्यंत बघू. तू स्वतः जोतिबाचा घाट चढवून दाखव. नाहीतर झेंडू.”

गाडी ओढून गॅरेजात आणली तेव्हा मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. इतकी वर्षं ती त्यांनीच जगवली होती. बाबांनी सांगितलं की जीपचा साधा गिअरबॉक्स बसवा, हाताने टाकायचा.

“म्हंजे क्लच आला,” मामा म्हणाले.

“आला.”

“डॉक्टरीणबाईंच्या गाडीला डाव्या पायाचं काम लावायचं?”

मामा वाकून ब्रेकच्या पेडलाकडे बघत राहिले. ते चांगलं वीतभर रुंद होतं. त्याच्या रबराची उजवी बाजू झिजून गुळगुळीत झाली होती, डावी नवीकोरी.

“दोन दिसांनी या,” ते म्हणाले.

दोन दिवसांनी आम्ही गेलो, तेव्हा ते हातात सुतळी घेऊन उभे होते. “चालवणार कोण?”

“मी,” मी म्हणाले.

“कोण?”

“मी.”

“मोठ्यानं की!”

“मी!”

समोरच्या चहाच्या गाड्यावरच्या चार माणसांनी माना वळवल्या. मामांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, डावा पाय पुढे करायला लावला आणि सीटच्या पाठीपासून माझ्या चपलेपर्यंत सुतळी धरून तिला गाठ मारली. “बाईंचा पाय हुता तवा बाईंच्या पायाची गाडी. आता तुझ्या पायाची. बास.”

ते रुंद पेडल त्यांनी कापलं नाही. ब्रेकला अरुंद पेडल नवं बनवलं आणि जुनं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. “हे घरात ठेव. गाडीत ठिवशील तर कोणतरी भंगारात घालंल.”

मी कॉलेजची परीक्षा देऊन मोकळी होते, त्यामुळे सकाळी ड्रायव्हिंग शिकायची आणि रोज दुपारी गॅरेजात जाऊन स्टुलावर बसू लागले. हे इंजिन आणि जीपचा गिअरबॉक्स यांची भोकं जुळत नव्हती. दोघांच्या मध्ये एक जाड लोखंडी चकती लागणार होती. मामांनी तिचा नमुना मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढला आणि आम्ही शिरोली एमआयडीसीत गेलो. तिथल्या एका कारखान्यात त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली होती, ओतकामाच्या घणघणाटात. पहिली चकती तयार झाली, ती मामांनी बोट फिरवून परत केली.

चकती कापणाऱ्या वर्कशॉपचा मालक वैतागला. “अवो, केसभर फरक हाय. केसानं काय हुतंय?”

“डोळ्यात गेला की कळतंय,” मामा म्हणाले आणि तिथेच उकिडवे बसले. दुसरी चकती होईपर्यंत उठले नाहीत.

क्लच तारेचा बसवायचा की तेलाचा, हा निर्णयही त्यांनी माझ्याकडे बघून घेतला. तेलाचा. मला समजावून सांगताना त्यांनी पेडलपासून खाली गिअरबॉक्सपर्यंत जाणारी बारीक नळी दाखवली. “तार म्हंजे ओढाताण. तेलाचं तसं न्हाय. तू हितनं हळू सांगायचं, तिकडं काम झालंच. तुझ्यासारख्या माणसाला ब्येस. पर मधी हवा शिरली की संपलं. मग कितीबी दाब, तिकडं काय पोचत न्हाय.”

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पेडल चार-पाच वेळा मारायचं, मग दाबून धरायचं आणि तसं सांगायचं. दुसऱ्याने गाडीखाली पडून छोटा नट ढिला करायचा, बुडबुड्यांसकट तेल बाहेर येऊ द्यायचं, नट आवळायचा आणि “सोड” म्हणायचं. नट उघडा असताना वरच्याचा पाय सुटला, तर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत.

दसऱ्याला तीन दिवस उरले होते. मामा गाडीखाली गेले, फक्त पाय बाहेर. मी पेडल दाबलं आणि म्हणाले, “धरलंय.”

काही झालं नाही. मग अचानक माझ्या पायाखालचं पेडल भसकन खाली गेलं. काहीतरी मोडलं असं वाटून मी घाबरून पाय उचलला.

“काय केलंस? घेतली की गं हवा!”

पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मामा अंदाजाने नट न उघडता माझ्या आवाजाची वाट बघत थांबले. मी सांगून मोकळी झाले होते आणि त्यांच्या आवाजाची वाट बघत होते. पाच मिनिटं आम्ही दोघं असे गप्प. माझ्या पोटरीत गोळा आला. शेवटी त्यांनी खालून पान्याने गाडीच्या पत्र्यावर ठण्ण ठण्ण वाजवलं.

“मोठ्यानं की, पोरी! गाडीखाली हाय मी, देवघरात न्हाय!”

मी रडायच्या बेतात होते. “मी सांगितलं होतं, मामा. तीनदा.”

ते सरपटत बाहेर आले. कपाळावर तेल, केसांत माती. माझ्या तोंडाकडे, म्हणजे ओठांकडे, बघत म्हणाले, “काय म्हणालीस?” आणि तेव्हा मला तो दातांतला स्क्रू ड्रायव्हर आठवला. समोरच्याच्या ओठांकडे बघण्याची त्यांची सवय आठवली. फोन वाजला की “घे गं, माझं हात तेलाचं हायत” म्हणत तो माझ्याकडे सरकवणं आठवलं.

मला कळलंय, हे त्यांनाही कळलं. त्यांनी चहाच्या गाड्याकडे एकदा बघून घेतलं.

“डावा पार गेलाय,” ते म्हणाले. त्यांच्या मानाने हा आवाज अगदी हळू होता. “उजवा निम्मा. कारखान्यानं खाल्ला. घरात बी ठाव न्हाय. ज्याला इंजिन ऐकू येत न्हाय त्याच्याकडं कोण गाडी घालंल, सांग?”

“मी कुणाला सांगणार नाही.”

“ते ठाव हाय. तू आपणहून कुणाला काय सांगतीस हुय?” ते हसले आणि पुन्हा पाठीवर आडवे झाले. “पर आता मला तुझा आवाज लागणार. दात लावून तू ऐकू येत न्हाईस.”

मी पेडल दाबलं. काच खाली केली. डोळे मिटले आणि ओरडले, “धरलंय!”

“हां! सोड!”

“धरलंय!”

“सोड!”

विसाव्या खेपेपर्यंत गल्ली गोळा झाली होती. चहावाला मध्येच मदतीला धावला, “ओ मामा, धरलंय म्हणत्यात बघा!” आणि गाडीखालून उत्तर आलं, “आलंय ऐकू! मी काय भैरा हाय हुय?”

मी तेवढ्यात हसले, पण पाय सोडला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही जोतिबाला निघालो. मी गाडी चालवत होते, मामा शेजारी, बाबा मागे, पूर्वी माझी असायची त्या जागेवर. मामांनी एक तळहात डॅशबोर्डवर सपाट ठेवला होता. बाबांना वाटलं, म्हातारा घाबरलाय. ते हाताने इंजिन ऐकत होते, हे फक्त मला माहीत होतं.

घाटातल्या एका वळणावर पुढची जीप थांबली. मी थांबले आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, तोवर गाडी हातभर मागे सरकली. मागून बाबांचा श्वास ऐकू आला. मी क्लच तळापर्यंत दाबला आणि सवयीने ओरडले, “धरलंय!”

“मग सोड,” मामा शांतपणे म्हणाले. “हळू. तेल सांगतंय तिकडं.”

मी पाय इंचाइंचाने वर घेतला. गाडी थरथरली, उभी राहिली आणि चढू लागली.

वर पोचल्यावर बाबा एका दुकानात गेले, गुलाल घेऊन आले आणि बोनेटला लावला. झेंडूचा विषय त्यानंतर निघाला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मामा गेले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा दारात चार मिस्त्री बसले होते. एक जण म्हणत होता, “काय कान हुता माणसाचा! नुस्त्या आवाजावर फॉल्ट काढायचा.” मी मान हलवली आणि गप्प बसले. ते मला येतं. निघताना मामींनी तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात ठेवला. “तुला द्या म्हणालते.” लाकडी मुठीवर दोन्ही बाजूंनी दातांचे खळगे पडले आहेत. माझे दात त्यात बसत नाहीत.

गेल्या महिन्यात क्लचमध्ये पुन्हा हवा शिरली. रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून मी गाडीखाली गेले. बाबांना वर बसवलं आणि काय करायचं ते समजावलं. पाना नटावर ठेवून वाट बघत राहिले. वरून काहीच येईना. मग फार लांबून आल्यासारखं काहीतरी पुटपुटणं आलं.

मी पान्याने पत्र्यावर दोनदा वाजवलं.

“मोठ्यानं की, बाबा! गाडीखाली आहे मी, देवघरात नाही!”