कवितेतला वाघ

जंगलालगतच्या मोहर्ली गावात बसथांब्यावर चहा विकणारी एक बाई प्रत्येक कप पदरानं पुसून द्यायची. एका सकाळी तिथं बसून मी मित्राला फोनवर माझी नवी कविता वाचून दाखवली: "वाघ रोज घरात येतो, एकेक माणूस घेऊन जातो."

फोन ठेवला, तर ती पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी.

"तुमच्या घरच्या कोनाले नेलं जी वाघानं?" तिनं हळूच विचारलं. "माह्या सासूले नेलं. मोहफुलं वेचाले गेलती."

मी ओशाळलो. "नाही बाई. वाघ म्हणजे एकटेपणा. लिहिण्यापुरतं."

"म्हंजे घरचे सारे हायेत?"

"आहेत."

"मंग बरं झालं जी." तिला खरंच हायसं वाटलं होतं.

कविता पुढे छापून आली. ती ओळ मी काढली नाही, याची अजून लाज वाटते.