खोलीतलं बोलणं

माझी शाळा चौथीतच सुटली. तरी कडकोळच्या कारखान्यात फोरमन होऊन रिटायर झालो, तेही कुणाच्या शिफारशीवर नाही. म्हणून लेक म्हणाली की कामगारांचं मन ओळखणाऱ्यांनाही परीक्षा देऊन दाखला घ्यावा लागतो, तेव्हा मला हसू आलं.

ती मानसशास्त्र शिकलेली, कारखान्यांना सल्ला देते. दाखला देणारं मंडळ परदेशातलं. आधी स्वतः केलेलं एक काम पाठवायचं, मग तोंडी परीक्षा. तिनं आमचाच कारखाना घेतला. माणसं नोकरी सोडून का जातात, हे शोधायचं. पण तिथं कुणी तोंड उघडेना. मग मीच एकेकाला लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी बोलावलं. माझ्या शब्दावर आले सगळे. इथं बोललेलं खोलीबाहेर जाणार नाही, असं ती प्रत्येकाला आधी सांगायची. मला स्वयंपाकघरात बसवायची. आमचं घर ते केवढं, सगळं ऐकू यायचं.

बन्नूरहून येणारा एक वेल्डर होता. बायको बाळंत होत असताना सुपरवायझरनं त्याला सोडलं नाही, शेवटची बसही गेली. तो सुपरवायझर माझ्या हाताखाली शिकलेला. सकाळी गेटवर जाऊन चारचौघांत त्याला झापलं. वेल्डरचं नाव घेतलं नाही. पण बाळंतपणाचं बोललो, आणि ते कुणाचं हे त्याला ठाऊकच होतं. मान खाली घालून ऐकून घेतलंन. मी समाधानानं घरी आलो.

आठवडा झाला नाही तोच वेल्डरला काढून टाकलं.

लेकीनं आरडाओरडा केला नाही. झालेलं सगळं मंडळाला कळवते म्हणाली. मी म्हटलं, कडकोळमधलं तिकडं कुणाला कळणार आहे?

"कळण्याचा प्रश्न नाही, अप्पा. मी त्याला शब्द दिला होता."

"मग अन्याय ऐकून मी सुम्ने, गप्प बसायचं होतं?"

"हो. बसायचं होतं."

मंडळानं काम नापास केलं. दाखला मिळायचा राहिला. मोहल्ल्यातल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डरसाठी जागा बघून मी बन्नूरला गेलो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, उसाच्या गोष्टी केल्या. कामाचं काढलं तर म्हणाला, सगळं बरं आहे सर.

आजही मी तेच करीन. ऐकलेलं गिळून बसणं मला कुणी शिकवलं नाही, आणि आता शिकायचंही नाही.

आता लेक दुसऱ्या कारखान्याचं काम करते आहे. माणसांशी बोलायला तिनं कुठंशी भाड्यानं खोली घेतली आहे. काल डबा भरत होती, तेव्हा खोली कुठं आहे म्हणून विचारलं. जेवण तरी पोचवीन, म्हटलं.

तिनं झाकण लावलं. "ते तुम्हाला सांगता येणार नाही, अप्पा," म्हणाली, आणि चपला घालून निघाली.