अंबिकाबाईंचे कान

अंबिकाबाई नेवासकरांनी पारखल्याशिवाय कुठलीही वस्तू घरात घेतली नाही. कुकर घेतला तो दुकानदाराला पाणी भरून शिट्टी काढायला लावून. नवरासुद्धा, सुहासराव स्वतःच सांगतात, दोनदा बघून घेतला. तेव्हा आवाज टिपायचं नवं यंत्र त्या डोळे झाकून घेतील हे शक्यच नव्हतं.

मिरजगावच्या शाळेत बाईंनी मराठी शिकवलं आणि नोकरीत असतानाच एक नाद लावून घेतला. चैत्र लागला की सकाळी गावाबाहेरच्या माळावर जायचं आणि तिथला आवाज टिपून आणायचा. माणसांचा नव्हे, माळाचा. गवतातला वारा, टिटव्यांचा कालवा, काळवीट बिथरलं की नाकानं फुरफुरतं ते, आणि या सगळ्यांच्या वर चंडोल. हा मातकट, चिमणीएवढा पक्षी गात गात सरळ वर चढतो, आभाळात ठिपका होतो आणि गाणं संपलं की धपकन खाली गवतात उतरतो. बाईंचा सगळा जीव त्याच्यात. लोक हसायचे. हसोत बापडे.

गेल्या पावसाळ्यात जुन्या रेकॉर्डरनं मान टाकली. यंदा चैत्राच्या तोंडावर नगरच्या दुकानदारानं नवा दिला आणि म्हणाला, आठवडाभर वापरून बघा, नाही पटला तर परत आणा. असं बोलणं तो बहुधा सगळ्यांशी बोलत असेल. बाईंनी ते मनावर घेतलं. सुहासरावांना परसात उभं करून पाढे म्हणायला लावले, मग कुजबुजायला लावलं, मग नुसतं वर्तमानपत्र चाळायला लावलं. माइकवर वाऱ्यासाठी घालायचं केसाळ टोपरं होतं, ते घालून आणि काढून पंख्यासमोर धरलं. हातात धरल्यावर बोटांची खसखस येते का, तेही पाहिलं. यंत्र सगळ्याला पुरून उरलं. बाई खूश झाल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन माळावर गेल्या.

माळाच्या कडेला चांगुणाचं शेत आणि शेरडं. बाई तिच्या बांधावर बसायच्या आणि यंत्र सुरू करण्याआधी हातातल्या बांगड्या उतरवून पिशवीत टाकायच्या, कारण काचेची किणकिण नेमकी चंडोलाच्या सुरात घुसते. चांगुणाला हे बघवत नसे.

"बाई, सवाशिनीनं असं हात मोकळं ठिवू न्हाई. ओखटं असतंय," ती दर वर्षी म्हणायची.

"घटकाभर गं," बाईही दर वर्षी म्हणायच्या.

घरी येऊन त्यांनी हेडफोन लावला. वारा होता. शेरडांच्या गळ्यातल्या घंटा होत्या. लांबच्या हायवेवरचा टेम्पो होता. चंडोल नव्हता. दुसऱ्या दिवशी आवाजाचं बटण वाढवून पुन्हा टिपलं, तरी नव्हता. "बारीक आवाज गिळतंय हे," असं म्हणत बाई एसटीनं नगरला गेल्या, दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि यंत्र बदलून आणलं. नव्यातही तेच. वारा, घंटा, टेम्पो.

तेव्हा कुठे त्यांना स्वतःलाच विचारावंसं वाटलं, की अगं, यंत्राचं राहू दे, माळावर बसलेली असताना तू स्वतः तरी चंडोल ऐकलास का?

नव्हता ऐकला. बाईंना एकदम वडील आठवले.

ते साठीत बहिरे झाले होते. पुराण सांगणारा माणूस, गावोगाव ज्यांचा आवाज घुमायचा ते वडील शेवटी पोरांच्या तोंडाकडे बघून नुसते हसायचे आणि कशालाही "हो, हो" म्हणायचे. तो हसरा चेहरा बाईंना अजून स्वप्नात दिसे. बारीक आवाज आधी जातात, हे त्यांना माहीत होतं. वडिलांना सगळ्यात आधी आईच्या जोडव्यांचा आवाज येईनासा झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगुणाला विचारलं, "चंडोल गातोय का गं?"

"गातोय की," चांगुणा शेंगा वेचता वेचता म्हणाली. "त्यो कवा न्हाई गात?"

झालं. बाईंनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला. त्यांनी मग अंगणातल्या चिमण्यांकडेही कान देणं सोडलं. ऐकू आल्या नाहीत तर काय, या धास्तीनं. सुहासरावांनी काहीही विचारलं की त्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघत. त्यांना ते कळलं आणि ते मुद्दाम मोठ्यानं बोलू लागले, तेव्हा बाईंना जास्तच भीती वाटली. डॉक्टरकडे जाऊ, ते म्हणाले. "आधी यंत्राचं मिटू दे," बाई म्हणाल्या.

खरं तर मिटवणं हातातच होतं. कपाटात जुन्या यंत्राची कार्डं होती, त्यांवर वर्षावर्षांचे चंडोल होते. एक कार्ड लावून ऐकलं की कान शाबूत की गेले, लगेच कळलं असतं. म्हणूनच त्यांचा हात कपाटाकडे जात नव्हता.

दुकानदाराची मुदत संपायच्या दिवशी मात्र त्यांनी मन घट्ट केलं, एक जुनं कार्ड उचललं आणि माळ गाठला. ऐकायचं तर तिथेच ऐकायचं. बांगड्या उतरवल्या, कार्ड नव्या यंत्रात घातलं, हेडफोन लावला आणि डोळे मिटून बटण दाबलं.

चंडोल गायला. लख्ख, सूर न् सूर. चढताना, वर तरंगताना, उतरतानाची ती शेवटची बारीक चिरचिरसुद्धा. बाईंना हसूच फुटलं. कान ठणठणीत होते! यंत्रही ठणठणीत होतं! त्यांनी हेडफोन उपटून काढला आणि आवाज मोकळा सोडला.

पलीकडे चांगुणा ताडकन उभी राहिली आणि कपाळावर हात धरून आभाळ धुंडू लागली. "कुटं हाय? दिसंना. आला वाटतं!"

"आला म्हणजे?" बाईंचं हसू तसंच थिजलं. "गेला होता का?"

 चांगुणानं बाईंच्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं आणि ती हळूच बांधावर टेकली. "बाई, तुमी इचारलं तवा मी ऐकलंच न्हवतं. सवयीनं बोलून गेले." बांधावरचं गवत उपटत ती म्हणाली, "औंदा टिटवीची अंडी बी न्हाई दिसली कुटं. मी म्हनलं, माजी नजर अधू झाली."

दुसऱ्या चंडोलाला आपल्या गवतावर गाऊ देईल असा चंडोल नसतो. कुणी नुसता सूर लावला तरी तो भांडायला वर येतो. बाईंनी आवाज होता तेवढा मोठा केला आणि यंत्र डोक्यावर धरलं. त्यांचाच जुना चंडोल माळभर गात सुटला. दोघी मान वर करून उभ्या राहिल्या. गाणं संपलं. कुणी वर आलं नाही. बाईंनी पुन्हा लावलं, पुन्हा संपलं. गवत तेच होतं, ऊन तेच होतं, आणि इतकी शांतता होती की चांगुणाचा श्वास ऐकू येत होता. चांगुणानं उगाचच वळून आपली शेरडं पाहिली आणि त्यांना नावं घेऊन जवळ बोलावलं.

आपण बहिऱ्या असतो तर फार बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. अगदी मनापासून वाटलं. त्या निघाल्या तेव्हा चांगुणा त्यांच्या मोकळ्या हातांबद्दल काहीच बोलली नाही.

घरी सुहासराव दारातच उभे होते. "ठरलं का?" ते घसा ताणून ओरडले. "ठेवायचं की परत द्यायचं?"

"ओरडू नका. ऐकू येतं मला," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं."

"अरे वा! आणि यंत्र?"

"यंत्रही चांगलं आहे," असं म्हणून बाई उंबऱ्यावरच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. दोन्ही चांगलं निघाल्यावर ही रडते कशाला, ते सुहासरावांना कळेना.