शिवणीवरचा अंगठा

घरात आला की तो आधी पाणी मागायचा. "पह्यले पाणी द्या काकू, मंग सांगतो." तांब्या एका हातात, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा गादीच्या शिवणीवरून हळूहळू फिरत असायचा.

आमच्या पांढुर्ण्यात गाद्या भरणारे आणखीही होते, पण ढेकणाचा संशय आला की बाया यालाच बोलवायच्या. ढेकूण हा शब्द मात्र त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही. "मंडळी हाये," एवढंच तो कानाशी येऊन सांगायचा. मी एकदा चिडवलं त्याला, "काय जी भाऊ, ढेकणाचीही इज्जत राखता काय?"

"ढेकणाची काहून राखू? घराची राखतो."

आता माझीच गोष्ट सांगते, लपवून काय करू? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार, दगडफेकीची जत्रा. घरात पाहुणे मावत नाहीत, म्हणून खाटा इकडून तिकडून मागून आणायच्या, ही रीतच आहे. त्या साली मी सावरगावच्या नणंदेची लाकडी खाट आणली. पाहुणे गेले, खाट राहिली. मी ती नव्या सुनेच्या खोलीत टाकली, वर तिची मोहगावहून आलेली आंदणाची गादी.

महिनाभरानं पोरीच्या दंडावर ओळीनं लाल पुरळ. चादरीवर रक्ताचे बारीक डाग. गादी उलटली तर शिवणीत शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके. झालं! मी अंगणात उभी राहून बोलले, शेजारणींना ऐकू जाईल असं, "माहेराहून हेच आणलं काय? आजच्या आज गादी परत जाईल मोहगावले."

आंदण परत गेलं की बापाला मान वर करता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. सून आत जाऊन कपड्यांची पिशवी भरायला लागली.

तेवढ्यात लेकानं त्याला आणलं. पाणी झालं, अंगठा फिरला. दोन टाके उसवून त्यानं आतला कापूस हुंगला. मग न विचारता खाटच आडवी केली आणि पायाचा जोड जमिनीवर आपटला. ढेकणांची फिकट सालं पडली, मागून मंडळीही.

"ठिपके खालच्याच शिवणीले हायेत काकू. वरून गादी कोरी, कापूस कोरा. खाटेतून वर चढून राहिले," तो हळूच म्हणाला. "जोडांत उकळतं पाणी ओता, चार-चार दिवसांनी."

मग अंगणात जाऊन मोठ्यानं, "सूनबाईची गादी सोन्यासारखी हाये हो!"

आत पिशवी रिकामी होताना ऐकू आली.

जाताना मी म्हटलं, "भाऊ, आज बरे मोठ्यानं बोलले?"

तो सायकलला कापूस पिंजायची धनुकली बांधत होता. "जवानीत एकडाव बोललो होतो, बोरगावात. सुनेच्या गादीत हाये म्हणून. ते पोरगी माहेरी गेली ते आलीच नाही." गाठ आवळून झाल्यावर म्हणाला, "खाट पाह्यचीच राहून गेली होती माह्याकडून."

तो जाऊन दोन वर्षं झाली. आता गल्लीत कुठं संशय आला की माझ्या सुनेला बोलावणं येतं. परवा समोरच्या घरी गेली, मीही मागून गेले. त्यांची नवी सून दाराआड उभी होती.

"पह्यले पाणी द्या काकू," माझी सून म्हणाली. आणि गादीला हात न लावता तिनं खाट आडवी केली.