पायलटच्या मागची जागा

"पोरगा वर तं जात नाई ना, बाई?" दाराआडून मुलीच्या आईने माझ्या आईला हळूच विचारलं.

"नाई व माय," आई म्हणाली. "उडणारे येगळे, दुरुस्त करणारे येगळे. हा खालीच रायते."

दादासाठी मुलगी पाहायला आम्ही अमडापूरला गेलो होतो. दादा खामगावच्या कापसाच्या जिनात इंजिनाचं काम शिकला आणि लढाई सुरू झाल्यावर फौजेत विमानांचा मेकॅनिक झाला. रजा संपायच्या आत त्याचं लग्न ठरावं, म्हणजे परत यायला त्याला घरी कोणीतरी असेल, एवढंच आईच्या मनात होतं. या मुलीची थोरली बहीणही फौजेतल्या माणसालाच दिली होती. ती विधवा होऊन माहेरी आली होती. त्या दिवशी तिला पाहुण्यांसमोर येऊ दिलं नव्हतं. मागच्या अंगणात भांडी घासायचा आवाज येत होता, तो तिचाच.

"विमानाचं पंक्चर काढता का हो?" मुलीच्या मामांनी दादाला विचारलं. सगळे हसले. दादाही हसला.

मला हसता येईना. आदल्या दिवशी विहिरीवर हात धुताना त्याने मला सांगितलं होतं, की इंजिन खोलून जोडलं की पहिल्या उड्डाणाला जोडणाऱ्यानेच पायलटच्या मागे बसायचं. त्यांच्या तुकडीची रीतच तशी. स्वतःच बसायचं म्हटल्यावर नट ढिला ठेवायला हात धजत नाही. त्याचा सोबती असाच बसला होता, आणि ते विमान शेतात पडलं.

"मायले सांगू नको," तो म्हणाला. "तुहं बोलणंच कमी, म्हणून तुले सांगतलं."

'जाऊ नकोस' असं मी म्हणाले नाही. फौजेतून पळालेल्याला घरातून धरून नेतात. शाळेत मी इंग्रजीचे लांबलचक उतारे न अडखळता म्हणत असे. विहिरीवर मी फक्त पाणी ओतत राहिले.

आता मुलीचे वडील म्हणत होते, "खाली रायते तं आमची काई हरकत नाई." मी दादाकडे पाहिलं. तो मांडीवरच्या टोपीची घडी सारखी करत होता.

पोह्यांच्या बश्या आणायला मला आत पाठवलं. मुलगी चुलीपाशी उभी होती. नव्या लुगड्याचा पदर तिला आवरत नव्हता.

"तुम्ही इंग्रजी शाळेतल्या, तुमाले समजत असन," ती म्हणाली. "तुमचे दादा खरंच खाली रायतेत का? माय मले इचारू देत नाई."

मागचा भांड्यांचा आवाज थांबला. बाहेर आई तिथीची गोष्ट काढत होती. तिच्या आवाजात इतका आनंद मी कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. मी हातातली बशी खाली ठेवली.

"दुरुस्त केलेलं विमान पहिल्यांदा वर जातं," मी म्हणाले, "तेव्हा दादा त्यात बसलेला असतो."